सोयऱ्यांमधली खुर्ची

झऱ्याकडं जाणाऱ्या पायवाटेच्या तोंडाशी दोन काठ्या रोवलेल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये नमेलेची दोन पानं फुलीसारखी बांधली होती. नमेलेचं पान म्हणजे आपल्या शिंदीच्या झावळीचं धाकटं भावंड. हिरवंगार, टोकाला टोचणारं. आदल्या संध्याकाळी मी याच वाटेनं उतरलो तेव्हा ते तिथं नव्हतं.

माझ्यामागून आठ जण काळ्या पाइपाची वेटोळी खांद्याला अडकवून येत होते. पहिल्यानं पान पाहिलं आणि वेटोळं खाली ठेवलं. मग दुसऱ्यानं. मग सगळ्यांनी. आणि एस.टी. चुकलेल्या माणसांसारखे सगळे वाटेच्या कडेला उकिडवे बसले.

"काय झालं, अमोस?" मी विचारलं. अमोस हा किनाऱ्यावरच्या गावाचा चीफ, म्हणजे आपल्या पाटलासारखा. पण पाइप वाहायला सगळ्यांत पुढं तोच.

"आज काम नाही, ओलफाला." ओलफाला म्हणजे म्हातारबा. तिकडं तो मानाचा शब्द आहे, हे समजायला मला महिनाभर लागला होता.

"पण का?"

"पान आहे."

"ते मला दिसतंय. कुणी बांधलं?"

"डोंगरानं."

"म्हणजे चीफ सेल्विननं? अरे, काल त्यांच्या सगळ्या गावानं हो म्हटलं की. तुझ्यासमोर म्हटलं."

"म्हटलं."

"मग?"

अमोसनं एक वाळकी काडी उचलली, मोडली, पुन्हा मोडली. "हो म्हटलं ते बिस्लामात म्हटलं," तो म्हणाला, आणि एवढं सांगितल्यावर सगळं सांगून झालं अशा चेहऱ्यानं समुद्राकडं बघत बसला.

मला समजलं ते इतकंच की शनिवारी बोट येणार, आज मंगळवार, आणि झरा माझ्यापासून तीनशे फुटांवर असून काशीइतका लांब गेला आहे.

ही गोष्ट व्हानुआतूमधली. सोळा वर्षं झाली तिला. ऑस्ट्रेलियाच्या पलीकडं समुद्रात सांडलेल्या ऐंशीएक बेटांचा तो देश. माणसं आमच्या जत तालुक्याएवढी आणि भाषा शंभरावर. एका बेटावर पाच-सहा सहज. सगळ्यांना मिळून एक बिस्लामा, इंग्रजी शब्द आणि बेटांचं वळण असलेली. बोटीवर, बाजारात, कचेरीत तीच चालते. मी पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेला इंजिनिअर. एका संस्थेनं वर्षभरासाठी बोलावलं, आणि जन्मभर दुष्काळी गावांत बोअर कोरडे गेलेले पाहिल्यावर, भोवती सगळं पाणीच पाणी असलेल्या ठिकाणी एकदा काम करावं असं मला वाटलं. बायकोला, तुंगेला, विचारलं तर ती म्हणाली, "तिथं एकादशीला काय मिळतं?" चौकशी केली तर कोनफळं, अळकुड्या, केळी आणि नारळ. "मग तिथं रोजच एकादशी की," ती म्हणाली आणि ट्रंक काढली.

आमचं बेट उत्तरेकडचं, लहानसं. गावं दोन. एक किनाऱ्यावर, एक डोंगरावर. मध्ये तासाभराची चढण आणि दोन वेगळ्या भाषा. आम्ही जायच्या आधी वादळ झालं होतं, समुद्र किनाऱ्यावरच्या विहिरींत शिरला होता आणि पाणी खारं झालं होतं ते झालंच होतं. दवाखान्याच्या ओट्यावर रोज दहा-बारा लेकरं हगवणीनं मलूल होऊन आयांच्या मांडीवर पडलेली असत. गोडं पाणी होतं ते डोंगराच्या झऱ्याला, सेल्विनच्या गावाच्या हद्दीत. अकरा महिने चर खणून आम्ही खालून पाइप वरपर्यंत नेला होता. आता फक्त झऱ्यापाशी कुंडी बांधायची आणि शेवटचा तुकडा जोडायचा. शनिवारच्या बोटीनं आमची मुदत संपत होती. तोवर झालं नाही तर उरलेला पाइप त्याच बोटीनं दुसऱ्या बेटाला जाणार होता, कारण तिथंही विहिरी खाऱ्याच होत्या.

म्हणून सोमवारी मी सभा लावली होती. रीतसर दोन्ही गावांची, डोंगरावरच्या वडाखाली. हो, तिथं वड आहेत, पारंब्यांसकट. मला वाटलं, पाणी द्यायचा शब्द चारचौघांत व्हावा, कुणाचं ऐकायचं राहू नये. डोंगरचे लोक डोंगरची भाषा बोलणार, किनारेवाले त्यांची. म्हणून शाळेचे मास्तर क्लेमेंट यांना गाठलं. ते मूळचे तिसऱ्याच बेटाचे, पण वीस वर्षांत दोन्ही भाषा शिकलेले. शाळेतली एक लाकडी खुर्ची वर नेली, दोन्ही गावांच्या बरोबर मध्ये मांडली आणि मास्तरांना तिच्यावर बसवलं. इकडचं वाक्य झालं की मास्तर ते बिस्लामात सांगणार, मग तिकडचं. डोंगरचा म्हातारा चीफ सेल्विन एकदा त्याच्या भाषेत लांबलचक बोलायला लागला, तर मी हात वर करून त्याला थांबवलंसुद्धा, "थोडं थोडं, म्हणजे मास्तरांना सांगता येईल."

तो थांबला. त्यानंतर त्यानं सगळं बिस्लामातच, दोन-दोन शब्दांत उरकलं. तासाभरात सभा आटोपली. सगळ्यांनी हो म्हटलं.

खाली येताना मी तुंगेला म्हणालो होतो, "सभा लावायची म्हणजे बंदोबस्त लागतो. तुझ्या अप्पांचं कीर्तन जतला मी लावलं होतं, आठवतं ना? पुण्याचे साहेबसुद्धा खूष होऊन गेले."

तुंगा पायाखालचे निसरडे दगड बघत उतरत होती.

मंगळवारी पान बघून परत आलो तेव्हा तुंगा झोपडीच्या ओसरीवर कोनफळ किसत बसली होती. त्या दिवशी खरोखरच एकादशी होती. किसता किसता ती तोंडातल्या तोंडात अप्पांचं एक पद गुणगुणत होती. अप्पा म्हणजे माझे सासरे, अथणीकडचे हरिदास. कन्नडमधून कीर्तन करत. आमच्या जतच्या पट्ट्यात निम्मी माणसं मराठी बोलतात, निम्मी कन्नड, आणि समजतं सगळ्यांना सगळं. मला कन्नड येत नाही, पण कळतं. पोरवयापासून कीर्तनाचं वेड. कुठल्याही भाषेतलं असो, चिपळ्या ऐकू आल्या की पाय तिकडं वळायचे. अप्पांच्या कीर्तनातच मी तुंगेला पहिल्यांदा पाहिलं. ती मागं पेटीवर होती आणि धृपद झेलत होती. अप्पा ओळ टाकायचे आणि ती अशी उचलायची की वाटावं, ओळ मुळात तिचीच आहे आणि अप्पांनी मघाशी फक्त उसनी घेतली होती.

मला पाहून ती गप्प झाली. "लवकर आलात?"

मी पानाची हकीकत सांगितली. सांगून होईतो दवाखान्याची नर्स रोझलिन दारात. ती डोंगरची लेक, किनाऱ्याची सून. बायकांना तिकडं मानानं 'मामा' म्हणतात. तुंगेला प्रथम कुणी 'मामा' म्हटलं तेव्हा तिनं मागं वळून आपला भाऊ आला की काय ते पाहिलं होतं.

"मामा, आज उपास ना?" रोझलिननं किसलेल्या ढिगाकडं पाहिलं. "हे खाऊन उपास होत असेल तर आम्ही जन्मापासून उपाशीच आहोत."

"बस," तुंगा म्हणाली. "यांना जरा सांग, वर काय बिनसलंय."

रोझलिन बसली. दुसरी किसणी घेतली. एक कोनफळ पुरतं किसून संपवलं. सासर-माहेरच्या मधली बाई जशी बोलायच्या आधी शब्द निवडून घेते, तशी.

"ओलफाला, माझी आई डोंगरची," ती म्हणाली. "सासू किनाऱ्याची. मी सासूशी कुठली भाषा बोलते?"

"तिची. किनाऱ्याची."

"नाही. माझी. डोंगरची. ती मला तिच्या भाषेत उत्तर देते. तिला माझं कळतं, मला तिचं कळतं. माझी तोंडाची भाषा मी माहेराहून आणली, ती कशाला टाकू? आणि तिनं तिची कशाला टाकावी? इथं सगळ्या घरांत असंच आहे. डोंगरच्या मुली खाली येतात, खालच्या वर जातात. प्रत्येकानं आपलं बोलायचं, दुसऱ्याचं ऐकायचं."

अकरा महिने मी हे रोज ऐकत होतो. पाणवठ्यावर, चर्चच्या पायरीवर, चरात कुदळी मारताना. दोन माणसं दोन भाषांत गप्पा मारतायत हे ध्यानातही आलं नव्हतं. मला वाटायचं सगळी एकच भाषा आहे आणि ती मला येत नाही.

"मग मास्तरांना मध्ये बसवलं, त्यात बिघडलं काय? कुणाला न कळायला नको म्हणून—"

"कुणाला कळत नव्हतं, ओलफाला?"

दीडशे माणसं होती. त्यांच्यातला एकेक चेहरा आठवला. कुणालाच न कळण्यासारखं काही नव्हतं. कळत नव्हतं ते फक्त मला.

"दुभाषा परक्यांच्या मध्ये बसतो," रोझलिन म्हणाली. "बोटीवाल्यांच्या, सरकारच्या. सोयऱ्यांच्या मध्ये कुणी दुभाषा बसवला, तर त्याचा इथं एकच अर्थ. सोयरीक तुटली. मागं एकदा बसवला होता म्हणतात, माझ्या आजीच्या लहानपणी. त्यानंतर नऊ वर्षं वरून खाली एकही मुलगी आली नाही."

"पण मी बसवला. त्यांनी नाही."

"तुम्ही बसवलात, आणि ते बसू देऊन बोलले. आता वरचे म्हणतात, अमोसच्या गावानं बसू दिला. खालचे म्हणतात, सेल्विननं आधी बिस्लामा काढली. आज सकाळी माझ्या सासूनं मला बिस्लामात विचारलं, चहा हवा का म्हणून." रोझलिनची किसणी थांबली. "बावीस वर्षांत पहिल्यांदा."

तुंगेनं हात पुसले आणि एक तिच्या पाठीवर ठेवला.

"मी आत्ताच वर जातो," मी उठलो. "हात जोडतो, पाय धरतो."

"कुठल्या भाषेत?" रोझलिन म्हणाली.

मी पुन्हा खाली बसलो.

बुधवारचा दिवस नुसता बसून काढला. दवाखान्याच्या ओट्याकडं बघवेना. पांडुरंगाला म्हटलं, आयुष्यात पाणी कमी पडलं म्हणून कामं अडली. पाणी भरपूर आणि बंदोबस्त जास्त झाला म्हणून अडलेलं हे पहिलंच. दुपारी उशिरा डोंगरावरून निरोप आला. निरोप घेऊन आली ती रोझलिनची चुलती, नारळांची टोपली काखेत मारून, इकडं सहज आले होते अशा थाटात.

"चीफ सेल्विननं सांगितलंय, तुमची खुर्ची वर राहिलीय. ती घेऊन जा."

"एवढंच?"

"दोघं या. आपापलं तोंड घेऊन या." आणि ती गेली.

तुंगा म्हणाली, "मी काय करू तिथं? मला कुठं बोलता येतं चारचौघांत."

"माझ्यामागं उभी राहा. तुला सवय आहे," मी म्हणालो. चेष्टेनंच म्हणालो. तिनं माझ्याकडं पाहिलं, पण हसली नाही.

गुरुवारी सकाळी चढलो. वडाखाली डोंगरचं सगळं गाव बसलं होतं, आणि एका बाजूला, जरा अंतर ठेवून, किनाऱ्याचंही. मध्ये मोकळी जागा आणि त्या जागेत ती खुर्ची. तीन दिवस कुणी तिला हात लावला नव्हता. कोंबडी तिच्यावर शिटून गेली होती तेवढीच.

मी आधी जाऊन खुर्ची उचलली. नेऊन लांब, एका झाडाला उलटी टेकवून ठेवली. मग त्या मोकळ्या जागेत येऊन उभा राहिलो.

सेल्विन वडाच्या मुळावर बसला होता. ऐंशी पार केलेला, अंगानं काटक, एका डोळ्यात मोतीबिंदू. त्यानं हनुवटीनं खूण केली: बोल.

बिस्लामात सुरुवात करावी म्हणून मी तोंड उघडलं आणि मिटलं. मग माझे हात आपोआप जुळले आणि तोंडातून निघालं ते 'विठ्ठल विठ्ठल'. कीर्तनाला उभं राहणारा माणूस जसं आधी देवाचं नाव घेतो तसं. पुढचं मराठीतच आलं.

म्हणालो, "मी जतचा. आमच्याकडं पाऊस पाहुण्यासारखा येतो आणि चहा घेऊन जातो. आमच्या गावात पाणी देणाऱ्याला देव मानतात. मी तुमच्याकडं पाणी मागायला आलो आणि तुमच्या लेकी ज्या घरांत नांदतात ती घरं परकी ठरवून बसलो. या म्हाताऱ्या माणसाला मी बोलता बोलता हात वर करून थांबवलं. कीर्तनकाराला रंगात आल्यावर थांबवणारा माणूस पापी असतो असं आमच्याकडं म्हणतात. मला हे ठाऊक होतं, तरी थांबवलं. चूक माझी आहे. खालच्या गावाची नाही, वरच्याही नाही. पोरं आजारी आहेत. मला शिक्षा करा, पाण्याला करू नका."

दीडशे माणसांपैकी तुंगा सोडली तर कुणालाही त्यातला एक शब्द कळत नव्हता. पण दुभाषा नसला की माणूस नटवून बोलत नाही. नटवायचं कुणासाठी? माझा आवाज एक-दोनदा फाटला, तो मी सावरला नाही.

सेल्विन उठला. तो बोलायला लागला तो त्याच्या भाषेत, डोंगरच्या, न थांबता, सोमवारी मी जिथं तोडलं होतं बहुधा तिथूनच पुढं. चाल संथ, मध्येच चढणारी, वाक्याच्या शेवटी खाली येऊन टेकणारी. आणि तो ज्या ठिकाणी टेके तिथं त्याच्या गावातल्या बायका एक हुंकार देत, सगळ्या मिळून, एका सुरात. टाळकरी होते ते. झीलकरीच.

आणि मग माझ्या ध्यानात आलं की मला कळतंय. सगळं नाही. पण 'पाणी' कळलं, कारण चरात अकरा महिने तोच शब्द होता. 'लेक' कळलं, रोझलिनला सगळे तसं म्हणत. 'देणं', 'घर', 'आपलं', 'लाज' हे शब्द कधी कानात शिरून बसले होते मला माहीत नाही. शब्दाला शब्द जोडून मला लागलं ते असं, सेल्विन म्हणत होता: पाणी तर आम्ही कधीच दिलं होतं. ज्या घरी लेक दिली त्या घरी पाणी नाकारू का? तू विचारायला आलास हेच आम्हाला नवल वाटलं. तरी पाहुणा म्हणून ऐकून घेतलं. मग तू खुर्ची मांडलीस.

मी मान हलवली. त्यानं माझी मान पाहिली आणि बोलायचा थांबला. मोतीबिंदूच्या डोळ्यासकट बघत राहिला. मागं अमोस त्याच्या किनाऱ्याच्या भाषेत हळूच म्हणाला, "त्याला कळतंय." तेही मला कळलं.

मग सेल्विननं हनुवटी तुंगेकडं वळवली. "एक तोंड झालं. आता दुसरं."

तुंगा पदर खोचत पुढं आली. घाबरली होती. "मी यांची बायको," तिनं मराठीत सुरुवात केली, "यांनी जे सांगितलं तेच माझंही—"

सेल्विननं हात हलवला. "हे त्याचं," तो म्हणाला. "त्याच्यासारखंच वाजतंय. तुझं आण."

बायकांच्या रांगेतून रोझलिन म्हणाली, "मामा, किसताना म्हणतेस ते."

तुंगेनं माझ्याकडं पाहिलं. लग्नाला तीस वर्षं झाली होती, आणि तो चेहरा मी फक्त लग्नाआधी, पेटीच्या मागं पाहिला होता. ती कन्नडमध्ये बोलू लागली. काय बोलली ते इथं मराठीत लिहितोय, म्हणजे पुन्हा दुभाष्याच्या खुर्चीत मीच बसतोय; पण तिला विचारून.

"मी अथणीची," ती म्हणाली. "माझे अप्पा कीर्तन करतात. मी त्यांच्यामागं गायची. लग्न झालं, यांच्या घरी आले. पहिल्याच आठवड्यात हे म्हणाले, घरात मराठीच बोल, नाहीतर पुढं मुलांचा गोंधळ होईल. मी बरं म्हटलं. मुलं झाली, मोठी झाली. गोंधळ झाला नाही, आणि माझी भाषाही त्यांना झाली नाही. लग्नानंतर वर्षभरानं अप्पा आमच्याकडं जतला आले होते. देवळात कीर्तन ठरलं. सगळ्या जतला कन्नड कळतं. पण पुण्याहून दोन साहेब आले होते, म्हणून यांनी अप्पांच्या शेजारी खुर्ची मांडली आणि शाळेच्या मास्तरांना बसवलं. अप्पांचं एक वाक्य, मास्तरांचं एक वाक्य. अप्पा पद उचलायचे आणि हे हात वर करायचे, थांबा. अप्पांनी पूर्वरंग कसाबसा संपवला. आख्यान लावलंच नाही. आरती घेतली. सकाळच्या पहिल्या गाडीनं गेले. लोकांना वाटलं तब्येत बरी नाही. यांनाही तेच वाटलं. मी काही बोलले नाही, कारण ते मी ज्या भाषेत बोलले असते ती तोवर उंबऱ्याबाहेर ठेवली होती. अप्पा पुन्हा जतला आले नाहीत." ती थांबली. "राग नाही मला. माणूस चांगला आहे. फक्त खुर्ची मांडायची खोड आहे."

शेवटचं वाक्य बोलताना तिला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं.

सगळं गाव माझ्याकडं बघत होतं. तुंगेकडं नाही, माझ्याकडं. कन्नड त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. ते माझ्या तोंडावर वाचत होते. माझी मान खाली गेली होती आणि ती मला वर करता येत नव्हती.

सेल्विन काठी टेकत माझ्यापर्यंत आला. त्याच्या भाषेत विचारलं, "ती काय म्हणाली, तुला कळलं?"

मी माझ्या भाषेत म्हणालो, "सगळं कळलं."

"मधल्या माणसाशिवाय?"

"मधल्या माणसाशिवाय."

तो वळला आणि चालायला लागला. झऱ्याच्या वाटेकडं. आम्ही सगळे मागं. वाटेच्या तोंडाशी येऊन त्यानं नमेलेची पानं स्वतः सोडली, एक वरच्या गावाच्या बाईच्या हातात दिलं, एक अमोसच्या. मग अमोसला मंगळवारपासून वाटेकडेला पडून राहिलेल्या पाइपावरून काहीतरी टोमणा मारला, डोंगरच्या भाषेत. अमोसनं किनाऱ्याच्या भाषेत सव्वाशेर परत केला. दोन्ही गावं हसली. काय म्हणाले ते मात्र मला कळलं नाही, आणि कुणी सांगितलंही नाही.

गुरुवार आणि शुक्रवार दोन्ही गावं राबली. वरच्या माणसांनी कुंडीचे दगड वाहिले, खालच्यांनी सिमेंट. शुक्रवारी दुपारी दवाखान्याच्या अंगणातला नळ आधी खोकला, मग तांबूस पाणी ओकला आणि मग स्वच्छ, गार पाणी धो धो आलं. रोझलिनच्या सासूनं पहिली ओंजळ सुनेच्या तोंडाला लावली आणि तिला काहीतरी म्हणाली. तिच्या स्वतःच्या भाषेत. रोझलिननं मला पुढं कितीदा तरी पत्रातून कळवलं, पोरं बरी आहेत, ओटा रिकामा आहे, पण त्या दिवशी ती मला म्हणाली होती ते एवढंच, "ऐकलंत ना, ओलफाला? बिस्लामा नाही."

शनिवारी आम्ही बोटीवर चढत होतो तेव्हा मास्तर क्लेमेंट खुर्ची घेऊन शाळेकडं चालले होते. लांबून त्यांनी ती डोक्यावर उंच धरून मला दाखवली.

बोट लांब आल्यावर मी तुंगेला म्हणालो, "अप्पा येतील का गं अजून?"

ती कन्नडमध्ये म्हणाली, "तुम्हीच जा ना."

तेव्हापासून आमच्या घरात तिची कन्नड आणि माझी मराठी. नातवंडं आली की ऐकून चक्रावतात, मग दोन दिवसांत दोन्हींत चहा मागायला लागतात. गोंधळ कसलाच होत नाही.

परतल्यावर पंधरा दिवसांत अथणी गाठली. अप्पा ब्याऐंशीचे, गुडघे गेलेले, पण आवाज खणखणीत. मी पाया पडलो आणि जतच्या कीर्तनाचं बोललो. माझ्या मराठीत. ते ऐकत राहिले, मध्ये एक शब्द नाही. मग तुंगेला म्हणाले, पेटी काढ.

बसूनच केलं त्यांनी. ऐकायला घरची चार माणसं आणि दोन शेजारी. मी मागं झांजा घेऊन. राहिलेलं आख्यान जवळजवळ तीस वर्षांनी लागलं. ते ओळ टाकत, तुंगा उचले, आणि मी कुठं हात वर केला असेल तर तो झांजेचाच. मध्यंतरात त्यांनी सगळ्यांना बुक्का लावला, मला शेवटी. कपाळावर त्यांचं बोट जरा जास्तच वेळ टेकलं.

आरती झाली. अप्पा भिंतीला धरून उठले आणि मला म्हणाले, "ऊटा माडूण बर्री." चला, जेवायला बसू.

"आलोच, अप्पा," मी म्हणालो, आणि आम्ही शेजारी शेजारी पाटावर बसलो.